दोन तास पाच मिनिटं

विमानतळ अगदीच लहान. दोन खिडक्या, एक वजनकाटा आणि चार बाकं. चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या गृहस्थांना सगळे घड्याळकाका म्हणत. कुठलंही गाव विचारा, अंतर आणि वेळ त्यांना तोंडपाठ. कागदाकडे बघणं त्यांना कमीपणाचं वाटे.

फक्त एका गावाचं उत्तर ते घरच्यांना वेगळं देत. त्या गावी त्यांची आई आणि थोरली बहीण राहत. पूर्वी तिकडे जायला दोन विमानं बदलावी लागत, दिवस मोडे. तीन वर्षांपूर्वी थेट विमान सुरू झालं. खिडकीवर ते घडाघडा सांगत, “नऊशे वीस किलोमीटर, दोन तास पाच मिनिटं.” आईला मात्र फोनवर, “दिवस मोडतो गं. रजा मिळाली की येतो.” नवं खोटं बोलले नव्हते, जुनं खरं तेवढं चालू ठेवलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या आईची दुखणी ऐकत बसायचा त्यांना कंटाळा होता. देवासमोरसुद्धा हे त्यांनी कधी कबूल केलं नव्हतं.

एके दिवशी दुपारी खिडकीसमोर बहीणच उभी राहिली. खांद्यावर शाल, हातात भला मोठा डबा.

“ताई? तू कशी काय?”

“तुला न्यायला आले. आईजवळ शेजारी बसलेत, तिकीटही त्यांनीच काढून दिलं. अरे, मी जागची उठेचना. म्हटलं, अजून दोन विमानं बदलायचीत. शेवटी विमानातली ती मुलगी म्हणाली, आजी, उतरा, आलं तुमचं गाव. पायलटला घरी जायची घाई होती की काय?”

शेजारच्या खिडकीतली तिकीटवाली हसली. “घाई कसली, ताई? तीन वर्षं झाली, एवढाच वेळ लागतो. काकांनी सांगितलं नाही?”

काकांनी पेन उचललं, परत ठेवलं. बहीण त्यांच्याकडे बघत राहिली. मग डब्याचं झाकण उगाचच दाबत हळू आवाजात म्हणाली, “आई रोज हात जोडते. म्हणते, देवा, त्याला एवढी दगदग करायला लावू नकोस. मीच तिला समजावते, हट्ट करू नकोस म्हणून.”

बहिणीनं आईला फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला.

“पोहोचली का रे ताई? एवढ्यात?”

“हो. दोन तास पाच मिनिटं लागतात, आई.”

“अगंबाई. आजपासून सुरू झालं का?”

‘हो’ म्हटलं असतं तर सुटले असते. बहीण पाठ करून बाकाकडे गेली होती, तिनं ऐकलंही नसतं.

“नाही, आई. तीन वर्षं झाली. मला माहीत होतं.”



“मग डबा तसाच असेल,” आई म्हणाली. “दिवस मोडेल म्हणून ताईबरोबर दोन वेळचं दिलंय. तू जेवून घे.”