फुमियोबाईंचं 'नको'

जपानातल्या मात्सुयामाच्या फुमियोबाई मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घरी आल्या, तेव्हा डोळ्यांत नवी भिंगं बसली होती आणि दारात कॉन्टॅक्ट लेन्सचा नवा डबा येऊन पडला होता. एक ऑनलाइन कंपनी अकरा वर्षं दर महिन्याला असा डबा पाठवत होती. आता लेन्सची गरज उरली नव्हती, पण डब्यांना कोण सांगणार? पुढच्या सहा महिन्यांत कपाटात आणखी सहा जमले.

"अगं, बंद कर की ते!" नवरा, तेत्सुओ, वैतागला.

"त्याला फोन करावा लागतो, अहो. ती माणसं प्रत्येक डब्यात हातानं आभाराची चिठ्ठी लिहितात. त्यांना तोंडावर नको कसं म्हणू?"

शेवटी एकदाचा बाईंनी फोन लावला. कमरेत वाकून माफी मागितली. पलीकडच्या मुलीनं त्याच्या दुप्पट मागितली, ऑपरेशनबद्दल अभिनंदन केलं आणि डोळे कोरडे पडत असतील म्हणून मनापासून हळहळली.

"झालं बंद?"

"लेन्स बंद झाल्या."

"आणि?"

"डोळ्यांत घालायचे थेंब सुरू झाले. दर महिन्याला."

"धन्य आहेस! डॉक्टरांनी डोळ्यांत भिंगं बसवली, तोंडात एक 'नको' तेवढं बसवायचं राहिलं," तेत्सुओ वर्तमानपत्राआडून करवादला.

"खरंय. हे वाचून झालं की उरलेली दोन वर्तमानपत्रंही वाचायला घ्या," बाई म्हणाल्या. "तिसरा पेपरवाला वर्गणीसाठी दारात वाकला, तेव्हा तुम्हीच 'हो' म्हणालात ना?"