पत्र्यावरचं पाचट

धारूरच्या डोंगरातलं आमचं गाव सोडलं, तेव्हा विहिरीत चिखलसुद्धा उरला नव्हता. टेम्पोत भांडी, शेळी आणि आम्ही तिघं. अण्णा म्हणाले, "मागं बघू नका." आई मात्र वळून बघतच राहिली.

गेवराईकडच्या एका सहकारी साखर कारखान्यावर अण्णांना वॉचमनची नोकरी लागली. राहायला पत्र्याची खोली मिळाली. पावसासाठी तरसलेली आम्ही माणसं. इथं पाऊस आला की पत्रे असे तडतडत, की शेजारी बसलेल्याशीही ओरडून बोलावं लागे. तक्रार करायचीही लाज वाटे. "दुष्काळातनं आलो आपण. पावसाला नावं ठिवू न्हाई," आई म्हणायची.

मला बघायला पाहुणे आले आणि नेमका तेव्हाच पाऊस कोसळला. मुलाच्या मामांनी नाव विचारलं. मी सांगितलं, त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगितलं, तरी नाही. शेवटी बाजारात हाक मारावी तशी मी ओरडले, "सुमन!"

मामा हसले. "पोरगी लई खणखणीत हाय!"

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

अण्णा उठले. नव्या धोतरानिशी पावसात गेले, शेजारच्या रहीमचाचांना बोलावलं आणि दोघं मिळून उसाच्या पाचटाचे भारे पत्र्यावर पसरू लागले. वरून दोर, दगड. हळूहळू आवाज दबत गेला.

चुलीपाशी बसलेल्या आईला त्याचं भानच नव्हतं. ती शेजारणीला अजून ओरडूनच सांगत होती, "असलं घर बघून कोण करील गं माझी पोर? देवा, एवढं पदरात घाल!"

खोलीत सगळ्यांनी ते ऐकलं. मामांनी मान खाली घातली. आईच्या ध्यानात आलं तेव्हा तिनं तोंडात पदर कोंबला. तिच्याकडं बघायचं मला धाडस होईना.

मुलाची आई उठली आणि सरळ चुलीपाशी जाऊन बसली. "अवो, आमच्याबी घरावर पत्रेच हायत. आमी पोती टाकतो, तुमी पाचट टाकलं. रडता कावून?"

तीच माझी सासू झाली.

आता आम्ही पुण्यात राहतो, स्लॅबखाली. गावी राहिलेल्यांनो, माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, खरं सांगते, लाज अजून पुरती गेलेली नाही. सोसायटीत कुणी माहेरचं विचारलं की मी "छोटंसं आहे" म्हणून विषय बदलते. पण मनात घर म्हटलं की हा फ्लॅट येत नाही. चुलीच्या धुरात बसलेल्या त्या दोघी येतात, आई आणि सासू. एकीचं तोंड पदरात, आणि दुसरी तो पदर हळूच सोडवून घेतेय.