दामूकाकांच्या स्टुलावरची बॅटरी

बोईसरच्या एका हार्डवेअरवाल्याने मला ग्राइंडरला लावायची, लोखंड कापायची कटिंग व्हील्स मुदत संपलेली असताना नवी म्हणून विकली. भावात मला आजवर कोणी हरवलेलं नाही, म्हणून ते जास्तच लागलं.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पालघर-बोईसर रस्त्याला माझी ग्रिल-गेटची शेड आहे. ती मी स्वतःच्या हातांनी उभी केली, कुठल्या बाबाच्या अंगाऱ्याने नाही. तरीही दिवाळीआधीची ती दुपार डोक्यातून जात नाही...

हे काम मला मासवणच्या दामूकाकांनी शिकवलं, तारापूर एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये. तेव्हा ग्राइंडर वायरचे असायचे. व्हील बदलायचं म्हटलं की काका आधी प्लग काढायचे आणि वायर गळ्यात अडकवायचे, डॉक्टर नळी अडकवतात तशी. आम्ही चिडवायचो, "काका, कोणाला तपासताय?"

"तुजी बोटं. संध्याकाली कमी भरली तर तुजी आय मला इचारील."

म्हातारपणी ते माझ्या शेडमध्ये येऊन दाराजवळच्या स्टुलावर बसायचे. मी बॅटरीचा ग्राइंडर घेतला तेव्हा बराच वेळ उलटसुलट करून बघत राहिले. गळ्यात घालायला काहीच नव्हतं. शेवटी बॅटरी काढून काखेत धरली. "बदल आता. आमी हाय ना."

मग तेच ठरून गेलं. मी व्हील बदलायचो आणि काका काखेत बॅटरी धरून जवळा-भाकरी खात बसायचे. नवं व्हील लावलं की बाजूला उभं राहून थोडं रिकामं फिरवायला लावायचे, तेव्हाच पाणी प्यायचे. ते जाऊन आता काही वर्षं झाली. स्टूल मी हलवलेलं नाही.

त्या दुपारी शेडमध्ये मी एकटाच होतो. नवं व्हील पाइपला टेकवलं आणि ते फुटलं. तुकडे गार्डवर आपटले म्हणून तोंड वाचलं. हाताशीच असलेल्या पाकिटातलं दुसरं व्हील बघितलं, तर मधल्या पत्र्याच्या रिंगवर स्टिकर. नखाने खरवडला — खाली मुदतीची तारीख, कधीच उलटून गेलेली. तिथूनच दुकानदाराला फोन लावला.

"शेठ, भाव तुम्हीच पाडलात ना?" तो हसत म्हणाला. "त्या भावात तारीखपण ताजी पाहिजे?"

फोन खांद्याने कानाला दाबून मी शिव्या घालत होतो आणि हात फुटलेलं व्हील काढत होते. बॅटरी काढायचं रागात राहूनच गेलं. अंगठा व्हील अडवून धरणाऱ्या लॉकच्या बटणावर, दुसऱ्या हातात पाना. पान्याला झटका दिला तसा ग्राइंडर वळला आणि स्विच माझ्याच तळव्याखाली पुढे सरकला. खट्... वाटलं, हात गेला.

काहीच झालं नाही.

खाली बघितलं तर ग्राइंडरला बॅटरीच नव्हती. ती दाराजवळच्या स्टुलावर होती. उचलली तर एका बाजूने ओलसर लागली, काखेतल्या घामाने होते तशी.

बायको म्हणते, "हाताला सवय हाय तुमच्या. तुमीच काढून ठेवली असंल." असेलही. पण व्हील फुटलं तेव्हा बॅटरी आत होती, नाहीतर ते फिरलं कसं? आणि त्यानंतर मी जागचा हललो नव्हतो.

हे कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही. पण तारखेवर स्टिकर कोणी चिकटवला, ते एका माणसाला नक्की सांगता येतं. त्याने माझ्या शेडमध्ये यावं, त्या स्टुलासमोर उभं राहावं आणि सांगावं.