गिटारही छान

शुक्रवार उजाडला की माझ्या पोटात दुखायला लागतं. जगात कुठेही नवा अल्बम निघायचा असला तर तो शुक्रवारी निघतो. प्रोग्रेसिव्ह रॉक, फ्यूजन, मेटल या नावांनी जे काही येतं ते मी ऐकतो म्हणजे ऐकतोच. ऐकतो आणि जळतो. आमच्या ब्राह्मणपुरी गावात कोणी विचारलं, बाबा, हे प्रोग्रेसिव्ह म्हणजे काय असतं, तर मी सांगतो, ज्यावर नाचता येत नाही आणि जे संपता संपत नाही ते. लोक हसतात. मी मात्र ते केळीच्या मळ्यात ऐकतो, मोटारसायकलवर ऐकतो आणि उसाची ट्रॉली घेऊन कारखान्यावर गेलो की वजनकाट्याच्या रांगेत बसून तर पोटभर ऐकतो. त्या रांगेत एकेक अल्बम दोन-दोनदा होतो.

आणि काय वाजवतात हो मेले! कुठलं तरी पोरगं, ओठावर धड मिसरूड नाही, आठ तारांची गिटार मांडीवर घेऊन असं वाजवतं की वाटतं याला दोन हात जास्तीचे असावेत. सात मात्रांचा ठेका चाललेला, त्यावर ते पाचाचं काहीतरी पसरतं आणि बरोब्बर समेवर येऊन उभं राहतं, वर हसतं. मी माझी सात तारांची काळी गिटार कॉलेजपासून घासतोय. केळी निसवते, घड कापले जातात, बाग मोडून नवी लागते, आणि माझं बोट अजून त्याच जागी अडखळतं. बायको म्हणते, "अहो, एवढं जळायचं तर ऐकता कशाला?" तिला काय सांगू? न ऐकता जळायला मी काय येडा आहे?

पण ही जळजळ तशी बरी. ज्यांच्यावर जळायचं ते लांब कुठे तरी असतात, त्यांना आपला पत्ता नाही, आपल्याला त्यांचा नाही. खरी आग लागली ती माझ्या मित्रामुळे.

तो नवापूरकडच्या डोंगराळ गावातला. शहाद्याला कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. घरी तो त्यांची आदिवासी कोकणी बोलायचा, चर्चमध्ये मराठी भजनं म्हणायचा, आणि माझ्याशी अहिराणी. मेटल त्याच्या कानात पहिल्यांदा घातलं ते मी. एका इअरफोनचं एक टोक त्याच्या कानात, एक माझ्या. तो गाणाऱ्यांचं किंचाळणं ऐकून म्हणाला होता, "भो, यास्ले कोनी मारी ऱ्हायना का?" आठवड्याभरात मात्र माझ्यापुढे गेला. कोणत्या मोठ्या गिटारवाल्याचा कुठला सूर किंचित पडलाय ते मला दाखवायला लागला. आम्ही दोघं खाटेवर बसून भल्याभल्यांची सालं काढायचो. त्याच्या कानातून काही सुटायचं नाही, आणि तोंडाला फाटक नव्हतं. चर्चमध्ये त्याची सख्खी मावशी वरच्या सुरात गेली तर तो तिला तोंडावर सांगायचा की मावशी, बेसूर झालीस.

पुढे मी शेतीत पडलो. तो लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायला लागला. पिकअप गाडीवर स्पीकरची भिंत, मागे जनरेटर, वर कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि गाणारा. गाडी पुढे आणि हातात हात गुंफलेली नाचणाऱ्यांची लांब रांग मागे. मी त्याला म्हणायचो, हे काय वाजवणं झालं, ही तर मजुरी. तो म्हणायचा, "तू ये ना एकदा गाडीवर. मंग सांग." मी कधी गेलो नाही. आपण सात तारांची गिटार वाजवणारे, आपण कशाला गाडीवर चढू!

त्यांच्या बँडचा एकच नियम: आवाज तुटता कामा नये. गाणाऱ्याने पाणी प्यायला तोंड बाजूला केलं, ऑक्टोपॅडवाल्याने घाम पुसला, काहीही झालं, तरी नाचणाऱ्यांचं उचललेलं पाऊल हवेत राहायला नको. तसं झालं तर आधी शिट्ट्या, मग शिव्या, मग वरपक्षाची म्हातारी माणसं येऊन विचारतात की आमच्या पोराच्या लग्नात असं का केलं. म्हणून जिथे रिकामं दिसेल तिथे कीबोर्डवाल्याने हात टाकायचा. त्याचा हात त्याला न विचारता जायचा. हे मला माहीत होतं. तरी मी त्या दिवशी विसरलो.

झालं असं, की बंगळूरच्या एका गिटारवाल्याने जाहीर केलं: नव्या अल्बमचं शेवटचं गाणं मी सोलोची जागा मोकळी ठेवून टाकतोय. त्यावर आपापलं वाजवून पाठवा. ज्याचं आवडेल त्याला अल्बममध्ये पाहुणा म्हणून घेईन. या माणसाला मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय आणि त्याच्यावर जेवढा जळलोय तेवढा भावकीतल्या कोणावरही जळलो नसेन. मला ती जागा हवी होती. सरळ सांगतो, आयुष्यात दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं. माझं नाव त्याच्या अल्बमवर. बस.

मी महिनाभर तो सोलो बांधला. त्यात एक युक्ती केली होती. सगळं टिपेला गेलं की एकदम थांबायचं. दोन आवर्तनं शांतता. ठेका तेवढा खाली चालू, गिटार गप्प. मग एकच लांब सूर. बाकीचे सगळे धावणार, मी थांबणार. मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

रेकॉर्डिंगचं सामान मित्राकडे होतं. बँडची गाणी तो घरीच करून टाकायचा. मुदत संपायच्या दिवशी मी मोटारसायकलवर गिटार बांधून नंदुरबारमार्गे त्याच्या घरी पोचलो. म्हटलं, माझ्यामागे कीबोर्डवर नुसता सुरांचा पडदा धर, बाकी काही करू नको. त्याने त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने माझी गिटार आणि त्याचा कीबोर्ड एकाच मिक्सरमधून घेऊन एकाच फाइलीत टाकलं. लग्नाचं असंच करतात, कोण कशाला वेगवेगळं ठेवतंय? मलाही ते सुचलं नाही. आम्ही तीन-चारदा वाजवलं आणि एकदा असं काही जमलं की काय सांगू. बोटं अडखळायच्या जागी अडखळली नाहीत. टिपेला गेलो, थांबलो.

आणि त्या शांततेत याचा हात गेला.

त्यांच्याकडे डोंगरात दुधी भोपळ्याची पावरी फुंकतात, तसला आवाज त्याने कीबोर्डवर बनवून ठेवलेला होता. तो सूर वाकवत वाकवत तो दोन्ही आवर्तनं भरून गेला आणि मला माझ्या लांब सुरावर आणून सोडलं. वाजवून झाल्यावर मी ओरडलो, "तुला सांगितलं होतं ना गप्प बस म्हणून!" तो स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाला, "रिकामं दिसनं भो. हात गया."

पुन्हा वाजवलं. पुन्हा. माझं डोकं तापलेलं, बोटं कडक झालेली, एकदाही तसं जमलं नाही. एकाच फाइलीत असल्यामुळे त्याचं तेवढं पुसताही येईना. शेवटी झक मारत तेच पाठवलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणत मी घरी आलो.

उत्तर आलं तेव्हा मी कारखान्यावर रांगेत होतो. पुढचा ट्रॅक्टर सरकला, मागचा हॉर्न मारत राहिला, मी हललो नाही. त्या माणसाने लिहिलं होतं की मधल्या जागेत ते वाकडं वाकडं वाद्य कोण वाजवतंय? असं मी आजवर ऐकलं नाही. ते गृहस्थ माझ्या गाण्यासाठी स्वतंत्र वाजवून देतील का? त्यांचा नंबर द्याल? आणि सगळ्यात खाली एक ओळ: गिटारही छान आहे.

गिटारही! पानात मीठही वाढलंय म्हणतात तशी! अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी तिथेच ट्रॅक्टरवर बसून मित्राला फोन लावला, कारण हे आणखी थोडा वेळ पोटात राहिलं असतं तर मी फुटलो असतो. म्हटलं, घे, तुला बोलावलंय. तो म्हणाला, "गंमत करी ऱ्हायना का तू?" मी म्हटलं, गंमत करायच्या लायकीचा राहिलोय का मी? मग तो बराच वेळ गप्प बसला. ज्या माणसाला माझ्या सोलोत दोन आवर्तनं गप्प बसता आलं नव्हतं, तो!

त्याने वाजवून पाठवलं. पुढचे महिने मी त्याच्याशी नीट बोललो, पण नीट वागलो असं म्हणणार नाही. फोन आला की पिकाला पाणी धरायला जायचं आहे म्हणायचो. पंपाला लाइट नसतानाही म्हणायचो. तो शेतकऱ्याच्या घरचा, त्याला कळत नसेल होय? पण बोलला नाही काही.

ऐन लग्नसराईत एका शुक्रवारी अल्बम निघाला. मी मळ्यातल्या खोलीत दार लावून शेवटचं गाणं ऐकलं. मनातून एकच इच्छा होती, वाईट निघावं. साधं निघालं असतं तरी माझं काम झालं असतं. पण नाही हो. त्याचा तुकडा येतो आणि इतका वेळ घड्याळासारखं चाललेलं ते गाणं एकदम माणसासारखं बोलायला लागतं. मी पाच वेळा ऐकलं. फोनवर त्याच्यासाठी लिहिलं, छान झालंय. खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. दोन शब्द, पण बोट पुढे जाईना.

दुपारी त्याचाच फोन आला. त्यांची गाडी शहाद्याजवळच्या लग्नाला निघाली होती आणि एसटी स्टँडबाहेर डिझेलसाठी थांबली होती. म्हणाला, "मी आयकं नही अजून. तुन्हा संगे आयकसू. ये." मी गेलो. का गेलो माहीत नाही. उन्हात गाडीच्या फाळक्यावर तो बसला होता, अंगात बँडचा चमकीचा शर्ट, घामाने पाठीला चिकटलेला. मी शेजारी बसून माझे इअरफोन त्याला दिले. दोन्ही टोकं. मला पुन्हा ऐकायचं नव्हतं.

त्याचा भाग आला तेव्हा त्याने डोळे मिटले आणि मांडीवर बोटं चालवली. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तो चेहरा मला हवा होता. त्याचं वाजवणं नाही, नाव नाही, तो चेहरा. स्वतःला अल्बममध्ये ऐकताना माझा कसा झाला असता ते मी किती वेळा मनात बघितलं होतं.

त्याचं संपलं तरी त्याने इअरफोन काढले नाहीत. पुढे त्या बंगळूरवाल्याचा स्वतःचाच सोलो होता, मी ज्या जागेसाठी महिनाभर घासलं होतं त्या जागेवरचा. तो सोलो मला या जन्मी वाजवता येणार नाही. निम्म्या वेगानेही नाही. याने तो शेवटपर्यंत ऐकला, इअरफोन गुंडाळून माझ्या हातात ठेवले आणि त्या सोलोच्या जागेबद्दल म्हणाला, "आठे तू पाहिजे व्हता. यानापेक्षा तू भारी वाजाडस."

त्याचा कान मला माहीत आहे. सख्ख्या मावशीला बेसूर म्हणणारा माणूस माझ्या डोळ्यात डोळे घालून धडधडीत खोटं बोलत होता. त्याच्या तुकड्यावर मी जळलोच होतो, ते सोसलं असतं. पण ज्याला एवढं मिळालं त्याच्याजवळ मला द्यायलाही शिल्लक होतं, आणि मी सकाळपासून दोन खरे शब्द देऊ शकलो नव्हतो. यावर जेवढा जळलो तेवढा कुठल्याच अल्बमवर जळलो नाही.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. तो उठला, गाडीवर चढला, कीबोर्डवरचा टॉवेल काढला. गाडी हलली तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, "चांगलं वाजवलंस रे तू."

"माले माहीत शे," तो दात काढत म्हणाला. "तू सांगाले उना ना, बस."

मी सांगायला आलो नव्हतो. पण त्याला तसंच वाटू दिलं आणि गाडी वळणावर जाईपर्यंत हात हलवत राहिलो.