हॉल त्या नवऱ्याला हसला

नववीतून शाळा सोडून मी मामांबरोबर लखनौला आलो. चौकात त्यांचं गलाईचं दुकान आहे. जुने दागिने वितळवायचे, तेजाबात घालून सोनं शुद्ध करायचं. मामांनी हाताला धरून काम शिकवलं, लग्न लावून दिलं, दुकानावरची खोली राहायला दिली. त्यांच्यासमोर काही बोलायचं म्हटलं की आजही मी आधी दहादा विचार करतो.

बायको बारावी झालेली. दोन वर्षांपूर्वी तिनं मामांसमोरच मला विचारलं, "इथल्या कॉलेजात बी.ए.ला नाव घालू का?"

मी म्हणालो, "कलेक्टर होणार आहेस काय? आधी भातात मीठ घालायला शीक."

मामा हसले, कारागीर हसले. ती चहाचे कप उचलून वर गेली. खरं सांगायचं तर ती माझ्यापुढे जाईल, याचीच मला धास्ती होती.

गेल्या महिन्यात बाजार बंद होता, तेव्हा मामाच म्हणाले, "जा रे, तिला पिक्चर दाखवून आण."

पिक्चर विनोदी होता. मध्येच हिरॉइन नवऱ्याला म्हणते, मला परीक्षा द्यायचीय. नवरा तोंड वाकडं करून म्हणतो, मग स्वयंपाक काय तुझे मास्तर करणार? सगळा हॉल हसला. पण हसला तो त्या नवऱ्याला. मागची बाई म्हणाली, "कैसा बेवकूफ आदमी है!" पडद्यावरची ती मात्र पोळ्या लाटायला लागली, आणि मला रडू फुटलं. हुंदके आवरेनात. आजूबाजूला लोक खिदळतायत आणि मी तोंडावर रुमाल दाबून बसलोय.

बायकोनं विचारलं, "काय झालं हो?"

"तेजाबाचा धूर... डोळ्यात बसलाय."

"आज दुकान बंद आहे," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर रिक्षा बघता बघता मी म्हणालो, "कॉलेजचा फॉर्म आण तू."

ती म्हणाली, "नाही म्हणालात ते मामांसमोर. आता हो म्हणायचं तर तिथंच म्हणा. सगळे असताना."

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली. ती चहा घेऊन खाली आली, कप ठेवले, आणि उभीच राहिली.

"मामा, हिला कॉलेजात घालतोय."

आवाज इतका बारीक निघाला की मामा म्हणाले, "आं? काय?" एक कारागीर फिस्सकन हसला. मी परत म्हणालो, मोठ्यानं. आणि मागच्या वेळी मी चुकलो होतो, तेही.