ललित जेवत का नव्हता

आमची मनीषा इंदिरानगरच्या बाजारात फुलं विकते. तिच्यासारखी वेणी अख्ख्या नाशकात कुणी गुंफत नाय. तिचा तीन वर्षांचा ललित जेवेना, तसा तिचा संशय शेजारच्या भाजीवाल्या मालनबाईवर गेला. बाई रोज म्हणायची, "पोरगं कसं गुटगुटीत हाय." मनीषानं मीठ-मोहरीनं दृष्ट काढली, तरी पोरगं घास घेईना.

मग ती हार ओवता ओवता तिरक्या नजरेनं बघत बसली. गिऱ्हाइकं ललितला बिस्किटं देत होती, केळीवाला केळं देत होता. मालनबाईनं मात्र त्याच्या हातातलं बिस्कीट काढून घेतलं.

"मावशी, काय चाललंय?"

"जेवायच्या आधीच पोट भरलं तर जेवंल कसं, बाई?"

दुसऱ्या दिवशी मनीषानं ललितला जेवणापर्यंत मालनबाईजवळच बसवलं, पण एक डोळा तिच्यावर ठेवूनच.