एका रेघेत अख्खा दिवस
लाखनीला हायवेवर सासऱ्यांची, म्हणजे मामाजींची, राईस मिल होती. मिलची मोठी मोटर बसली, म्हणजे चालता चालता बंद पडली, की मामाजी मला बोलवत. इंजिनियर असूनही मी नोकरी केली नव्हती. घरात मला विचारलं जायचं ते या मोटरीपायीच. मोटरीच्या केबलला मी एक रेकॉर्डर लावला होता. तो दिवसभर, सेकंदाला हजारो वेळा, करंट मोजून ठेवायचा. त्याची ती अवाढव्य फाइल घरच्या कॉम्प्युटरवर बघायला मी स्वतः एक प्रोग्राम लिहिला होता. फाइल उघडेपर्यंत वरण शिजून व्हायचं. मग पडद्यावर हिरवी रेघ उमटली की मामाजी खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसायचे. ते शेजारी बसणं मला हवंच असायचं, खोटं कशाला बोलू.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि नागपूरची जाऊ आली. तीही इंजिनियर, वर नोकरीवाली. घरी बसून कंपनीचं काम करायची. दिसायला बरी, स्वयंपाकात बरी, सासूबाईंचे पाय दाबण्यात तर फारच बरी. मी सगळं पोटात घातलं.

त्या हंगामात मोटर रोज सकाळी बसायला लागली. माझ्या पडद्यावर बंद पडल्यानंतरची सपाट रेघ दिसे, पण आधी काय झालं ते काही केल्या दिसेना. जाऊ म्हणाली, "ताई, माझ्या लॅपटॉपवर पाहू का?"

नाही कसं म्हणणार? मी पदर सावरेपर्यंत तिच्या सॉफ्टवेअरमध्ये अख्ख्या दिवसाची फाइल उघडली. माउसचं चाक फिरवलं की दिवसातला तास, तासातलं मिनिट, मिनिटातली एकेक लाट. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मोटर बसण्याच्या जरा आधी एक उंच काटा उभा होता. माझ्या रेघेत तो नव्हताच.

"तुमचा प्रोग्राम हजारोंतला एकच आकडा घेऊन रेघ मारते, ताई," ती हळूच म्हणाली. "मधला काटा गळून जाते. हे सॉफ्टवेअर प्रत्येक तुकड्यातला सगळ्यात मोठा न् सगळ्यात लहान आकडा, दोन्ही ठेवते."

मामाजींनी खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"पण ह्या वेळेले मिलमध्ये होते काय?" तिने विचारलं.

ते मला ठाऊक होतं, कारण त्या वेळचा चहा माझ्याच हातचा जायचा. हमाल चहाला बसण्याआधी पोत्यांची तोंडं उघडून ती धान ओतायच्या खड्ड्याच्या काठाशी उभी करत, आणि चहा झाला की सगळे मिळून एकदम ओतत. धान कोंबलं जाई आणि मोटरीला दम लागे. मी सांगितलं. मामाजींनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि तिला म्हणाले, "बराबर पकडलं वो पोरी."

पोती एकेक करून ओतायला लावली तशी मोटर चालू राहिली. काही दिवसांनी मामाजींचा फोन आला, नेहमीसारखा माझ्याच मोबाइलवर. "मोटर गुरगुरून राहिली. लहानीले दे फोन."

मी दिला. जावेनं ऐकलं आणि म्हणाली, "मामाजी, मले फक्त रेघ दिसते. मिलमधलं ताईलेच समजते. त्यांनाच विचारा ना." तिने फोन परत माझ्या हातात ठेवला.

तिच्या बोलण्यात मी खोट शोधली. सापडली नाही. सॉफ्टवेअर तिचं चांगलं होतंच, आता मनही चांगलं निघालं. त्या क्षणी मी तिच्यावर जितकी जळले, तितकी आधी कधीच जळले नव्हते.